थापेचं पहिलं बक्षीस

बेबीनंदाला खरं बोलायची सवय नव्हती, अन् त्याचं तिला कधी वाईटही वाटलं न्हाई. तिच्या नवऱ्यानं म्हणे विहिरीत पडलेला आवाज दोरीनं वर काढल्ता. तिच्या शेळीनं सरपंचाच्या विरोधात फॉर्म भरल्ता. अन् बदनापूरला गाडी थांबती ती स्टेशन हाये म्हणून न्हाई, ड्रायव्हरला बेबीनंदाच्या भाकरीचा वास येतो म्हणून. सगळं खोटं, हे गावाला ठाऊक. तरी लोक हातातलं काम टाकून ऐकायचे.

दिवाळीच्या सुट्ट्यांत जालन्यात तीन दिवसांचा कला महोत्सव लागला, अन् त्यात थापा मारायची स्पर्धा हाये असं कळलं, तशी म्हातारी घरात ठरंना. पण एकटीला कोण सोडतंय? मंग ती सुनेला म्हणली, "रूपाली, पोरगी दिवसभर मोबाईलात डोकं घालून बसती. जरा चित्रं बघंल, गाणी ऐकंल. मी नेते तिला."

सुमेधा दहावीची. तिनं तिथंच तोंड वाकडं केलं. "आज्जे, स्पर्धा तुझी. मला कशाला ओढतीस?"

"तुझ्याचसाठी चाललेय गं बाई."

"हो, अन् मी कलेक्टर हाये."

तरी नेलीच. जालन्यात म्हातारीच्या भावाच्या घरी, भुजंगच्या घरी, मुक्काम केला. पहिल्या दिवशी सुमेधा चित्रांसमोरून अशी गेली, जशी रेशनच्या लाइनीतून पुढं सरकावी. मातीकामाच्या मांडवात तिला गोळा दिला, तिनं तो तसाच परत ठेवला. कानातल्या वायरी काही निघाल्या न्हाईत.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. बेबीनंदाच्या आधी अंबडचे एक मास्तर बोलले. त्यांचा बैल म्हणे खुरानं मोबाईल चालवतो अन् पेंड ऑनलाइन मागवतो. मांडव हसून लोळला. मंग बेबीनंदा उठली, शेळीचा फॉर्म काढला. पण बैलानंतर शेळी फिकी पडली. दोन-चार बाया हसल्या, बाकीचे भेळ खाऊ लागले. अन् म्हातारीच्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"माझी नात कापसाच्या शेतात जपानी बोलती!"

मांडव उसळला.

झालं, म्हातारीला चेव आला. दोन वर्षांपासून पोरगी मोबाईलवर शिकून राह्यली. चार वह्या भरल्या, अक्षरं बघाल तर कोंबडीनं उकरल्यावाणी. ओसाका गावाला युमी नावाची मैत्रीण हाये तिची. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटाला लागतात का, असं ती युमी विचारती, अन् आमची सुमी तिला समजावून सांगती. अन् रानडुकरांना जपानीत अशी झापती, की ती पुन्हा शेतात पाय ठेवत न्हाईत!

रानडुकरं तेवढी म्हातारीनं घातली. बाकी सगळं खरं होतं. पाच महिन्यांपूर्वी सुमेधानं तिला एकटीला वह्या दाखवल्त्या. म्हणल्ती, "आज्जे, पप्पाला कळलं तर मोबाईल जाईल. अन् तू तरी हसू नको." त्या दिवशी म्हातारी हसली न्हवती.

सूत्रसंचालक अप्पाराव डोळे पुसत म्हणले, "आजी, इमानदारीत सांगा. यात खरं किती?"

चौथ्या रांगेत सुमेधा बसल्ती. कानातल्या वायरी आता तिच्या हातात होत्या, अन् ती सरळ आजीकडं बघत होती. खरं निघालं तर स्पर्धक बाद, असा नियम. टेबलावर लाल फीत बांधलेला मिक्सर.

"एक अक्षर न्हाई," बेबीनंदा म्हणली.

"बदनापूरकडची पोरगी अन् जपानी!" अप्पाराव माईकवर ओरडले. "याच्याहून मोठी थाप होणे न्हाई. पहिलं बक्षीस!"

म्हातारी मिक्सर घेऊन खाली आली, तर चौथ्या रांगेतली खुर्ची रिकामी. सुमेधा सायकल स्टँडपाशी सापडली.

"सुमे, हे बघ की. मिक्सर."

"ठेव तुला."

त्यानंतर ती आजीशी बोललीच न्हाई. संध्याकाळी भुजंगनं मोठ्या हौसेनं त्या मिक्सरात शेंगदाण्याची चटणी काढली. सुमेधानं कांद्याशी भाकर खाल्ली. म्हातारीच्या तोंडात घास नुसता फिरत राह्यला. भुजंग म्हणला, "अक्का, तिखट झाली का?" ती म्हणली, "बराबर झाली."

तिसऱ्या दिवशी विजेत्यांना पुन्हा बोलवलं. बेबीनंदा मिक्सर कडेवर घेऊनच चढली.

"काल मी खोटं बोलले," ती म्हणली. "नातीला खरंच जपानी येतं. हे घ्या माघारी."

लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. "थापेवर थाप!" अप्पाराव पोट धरून खाली बसले.

"अरे बाबांनो, खरं हाये!"

अजून हसले. कुणीतरी शिट्टी मारली. म्हातारीनं मिक्सर टेबलावर ठेवला अन् उतरली. एक कार्यकर्ती पळत आली, तो पुन्हा तिच्या हातात देऊन गेली. "आजी, विसरला होता!"

सुमेधा गेटबाहेर पिशवी घेऊन उभी होती. आतलं सगळं तिला ऐकू गेल्तं.

"कशाला चढलीस?"

"खरं सांगायला. कुणाला पटलं न्हाई गं."

"कालबी पटलं नसतं."

"तेच तर."

"मंग काल 'न्हाई' का म्हणलीस?"

बेबीनंदानं तोंड उघडलं. थाप आपोआप वर येती, तशी येईल म्हणून वाट बघितली. आली न्हाई.

"बक्षीस पाहिजे होतं," ती म्हणली. "तू दिसत होतीस मला. तरी पाहिजे होतं."

सुमेधानं तिच्याकडं बघितलं. मंग शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, जपानीत काहीतरी बोलली. चांगलं लांबलचक.

"म्हंजे काय गं?"

"न्हाई सांगणार."

अन् ती स्टेशनाच्या दिशेनं चालू लागली. म्हातारी मिक्सर सांभाळत मागं निघाली. शिवीच असंल, असं तिला वाटलं, अन् तिनं पुन्हा विचारलं न्हाई.