उपडी थाळी

१९७१ साली, कार्निव्हलच्या आदल्या दिवशी, ब्राझीलमधल्या अंतोनिना बंदरातल्या आपल्या खानावळीत इवेटीने नवा प्रेशर कुकर आणून ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाली, "उद्यापासून तू बाहेर खुर्चीत बसायचं."

झुल्मिरा मडक्याच्या झाकणाभोवती कसाव्याच्या कंदाच्या पिठाची कणीक लिंपत होती. आत गोमांस, खारवलेली चरबी आणि जिरं. कार्निव्हलचं हे खास कालवण, बारेआदो, रात्रभर मंद आचेवर शिजायचं, वाफ जराही बाहेर जाता कामा नये. अलीकडे तिचे हात कापत, लिंपण नागमोडी होई.

"बघ, कसं वाकडंतिकडं झालंय."

"वाकडं आहे, फुटकं नाही."

"परवा गिऱ्हाइकाच्या अंगावर रस्सा सांडलास. लोक हसतात गं."

"हसू देत. उद्या भरल्या खानावळीत थाळी माझ्याच डोक्यावर उपडी कर. पडलं, तर चुलीचं तोंड बघणार नाही. नाही पडलं, तर तुझ्या या डबड्यात कोंबड्यांना पाणी ठेवीन."

गावाची रीतच होती ती. कसाव्याच्या पिठावर उकळता रस्सा घालून घोटायचं आणि थाळी कुणाच्या तरी डोक्यावर उपडी धरायची. चिकटून राहिलं तरच जमलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी झुल्मिरा चर्चला जायचा पांढरा झगा घालून घोटायला बसली. गोदीतला हमाल ओदोरिको कोपऱ्यातून म्हणाला, "मावशे, हात कापतोय का ढवळतोय?"

"दोन्ही. तुझ्यासारखा नुसता बसून नाही."

थाळी तयार झाली. इवेटीने सवयीने वर केळ्याच्या चकत्या ठेवल्या, आईच्या मागे उभी राहिली आणि थाळी फिरवली.

काहीतरी पचकन पडलं.

"पडलं," इवेटी म्हणाली.

झुल्मिराने केसांत बोटं घातली, चकती काढून निरखली. "हे केळं. केळं काही मी शिजवलेलं नाही." आणि खाऊन टाकली. वर थाळीतला गोळा गिलाव्यासारखा घट्ट होता.

ओदोरिको पुढे सांतोसला गेला, तिकडचाच झाला. कुकरमधून कोंबड्या पाणी प्यायल्या. झुल्मिराने आणखी तीन कार्निव्हल केले. चौथ्याच्या पहाटे ती चुलीशेजारी बसल्या जागी गेली, मडकं तिनेच लिंपून ठेवलेलं.

दफनाहून माणसं उपाशी परतली तेव्हा इवेटीने सुरी घेतली. कणीक वाळून दगड झाली होती, तिच्यावर कापऱ्या बोटांचे ठसे. वाफ कुठूनही गेली नव्हती.