पप्पांचा जीवनवृत्तांत

मरोळच्या आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणी प्रभूमध्ये निजलं, की पाळकांच्या पाठोपाठ फोन जायचा तो श्रुतिकाला. अंत्यविधीच्या उपासनेत गेलेल्या माणसाचा जीवनवृत्तांत वाचायचा रिवाज आहे, आणि तो श्रुतिकानेच लिहायचा हेही आता रिवाजातच जमा झालेलं. ज्या काकांनी जन्मभर चर्चच्या कमिटीत भांडणं लावली, तेसुद्धा तिच्या कागदावर 'परखड स्वभावाचे' होऊन जायचे. म्हातारी माणसं थट्टेने म्हणत, मरावं तर श्रुतिकाची लेखणी चालू आहे तोवर.

जिवंत माणसांसाठी लिहायचं म्हटलं की मात्र बाईंची वाट लागायची. चर्चच्या रविवारच्या पत्रकात दर आठवड्याला चार ओळींचं मनन द्यायचं तिने कबूल केलं होतं. शनिवार उजाडला की छातीत धडधड सुरू. मोबाइलवर दोन वाक्यं लिहायची, खोडायची, गॅस बंद केलाय ना ते बघून यायचं, पुन्हा बसायचं. शेवटी मागच्या वर्षीचं एखादं मनन पाठवून मोकळं व्हायचं. विषय बहुधा 'चिंता करू नका' हाच! तिला स्वतःची लाज वाटायची. देव सांभाळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिच्या छातीला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

अशात एके दुपारी पेज पिता पिता तिचे वडील जयवंतराव म्हणाले, "माझा वृत्तांत आत्ताच लिहून टाक गं. मला ऐकायचाय."

यकृताचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"काहीतरीच काय पप्पा!"

"काहीतरी काय त्यात? सगळ्यांचे ऐकले मी. माझ्या वेळेला मी पेटीत. मग ऐकणार कधी?"

"वरून ऐकाल की."

"वर गेल्यावर प्रभूचं ऐकू का तुझं? आणि तू या बाजूला बसून बोल बघू."

त्यांचा डावा कान एमआयडीसीतल्या कारखान्यातल्या प्रेस मशीनने कधीच खाल्ला होता. ती उठून उजवीकडे बसली आणि मोठ्याने म्हणाली, "लिहिते." ते खूश झाले.

तिने लिहिलं नाही. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या शेजारणीला हसणारी ही. पण पप्पांचं नाव आणि जन्मतारीख टाकली, की पुढे दुसऱ्या तारखेची रिकामी जागा दिसायची आणि ती मोबाइल पालथा ठेवून उठायची. लिहिलं तर पप्पा जातील, नाही लिहिलं तर राहतील, असा सौदा तिने मनातल्या मनात देवाशी करून टाकला होता. देव त्याला हो म्हणाला की नाही, हे काही तिने विचारलं नाही.

दर रविवारी ती चर्चमधून आली की ते विचारायचे, "झाला का गं?"

"होतोय, पप्पा."

मग एका रविवारी त्यांनी विचारलं नाही. पुढच्याही नाही. विसरले असतील, असं समजून तिला हायसं वाटलं.

ते गेले सकाळी, चहा निवत असताना. थोड्याच वेळात पाळक नंदकुमार यांचा फोन आला. सांत्वन करून, प्रार्थना करून ते म्हणाले, "दफन आजच संध्याकाळी करू. वृत्तांताची काळजीच नाही, तो तयारच आहे ना. मागे भेटायला आलो तेव्हा जयवंतराव सांगत होते, लेकीने वाचून दाखवला, रडूच आलं मला. किती आनंदात होते, बाई!"

श्रुतिकाने फोन ठेवला. ज्या माणसाने जन्मात कधी ओव्हरटाइमचा तास फुगवून लावला नाही, तो माणूस मरताना खोटं बोलला होता, आणि तेही पाळकांशी. लेकीची झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून.

ती न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली, बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि लिहीत सुटली. एकही वाक्य खोडावं लागलं नाही. धडधडही नव्हती. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. एवढं सोपं होतं हे, म्हणून ती तोंडात ओढणी कोंबून रडली.

चर्चमध्ये तिने वाचलं तेव्हा सगळी मंडळी डोळे पुसत होती. उत्तम झाला, आजवरचा सगळ्यात उत्तम, असं दारात चार-पाच जण म्हणाले. तिने पेटीकडे बघायचं टाळलं.

माती देऊन घरी आल्यावर तिची आई वनमालाबाई पप्पांच्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "तू वाचून दाखवलास तेव्हा मी कुठे होते गं? दळणाला गेले होते का?"

श्रुतिकाने आईकडे पाहिलं. खरं ओठांपर्यंत आलं होतं.

"हो, मम्मी. दळणालाच."

"मला म्हणाले, रडलो मी. असे रडणारे नव्हते ते." आईने चादरीची सुरकुती सरळ केली. "कुठल्या वाक्याला रडले गं?"

सकाळी लिहिलेली सगळी वाक्यं श्रुतिकाच्या डोळ्यांपुढून गेली. त्यातलं एकही त्यांनी ऐकलं नव्हतं.

"ते गाण्याचं आहे ना," ती म्हणाली, "गीत संपून सगळे खाली बसले, तरी त्यांना ऐकू न आल्याने ते एकटेच शेवटची ओळ गात उभे असायचे, त्या वाक्याला."

"वाटलंच मला," आई म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदाच जराशा हसल्या. "तेवढंच परत वाच ना."

श्रुतिका उठली, खाटेच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, आणि मोठ्याने वाचू लागली.