मागून घेतलेला धुरा

चंद्रकला गेली तेव्हा धुऱ्यावरची तूर फुलावर होती. आता शेंगा भरल्या, आणि तुलारामनं मोजणी आणली.

धुरा म्हणजे सुखराम आणि तुलाराम या दोघांच्या धानाच्या शेतांमधला रुंद बांध. मोजणीत तो अख्खा तुलारामच्या गटात निघाला. त्याला तो फोडून ट्रॅक्टरला वाट करायची होती. पण त्या धुऱ्यावर वर्षानुवर्षं तुरीचं बी टोबत आली होती सुखरामची बायको चंद्रकला. तिची लुगडी, पाटल्या, सारं मुलगी रेणू घेऊन गेली. सुखरामजवळ राहिली ती ही उभी तूर.

"ती जिती होती तवा आला नाही मोजाले," असं स्वतःशी बडबडत तो एसटीनं साकोलीला वकिलाकडे गेला.

"किती वर्षं झाली, काका?" वकिलानं विचारलं.

"रेणू पाळण्यात होती तवापासून. आता तिलेच दोन लेकरं हायेत."

वकील खूश झाला. "मग मोजणी काही म्हणू द्या. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षं उघडपणे, मालकाला न जुमानता ताबा ठेवला आणि तो गप्प बसला, तर ती आपली झाली असं कोर्टात मांडता येतं. फक्त एक सांगायचं. बायकोनं कोणाला विचारलं नव्हतं. आपलंच समजून धुरा दाबला होता."

"पण तिनं त विचारलं होतं."

"कोणाला?"

"गिरजाबाईले. तुलारामच्या बायकोले. धानाच्या रोवण्याले दोघी संगच होत्या. चंद्रकला म्हणे, धुरा रिकामाच पडून हाये, तूर लावू का? गिरजाबाई म्हणे, लाव नं बाई, मले कुठं वाकता येते! मंग दर साली पहिल्या शेंगा तिच्या घरी जात. आमच्या घरी नंतर."

वकिलानं पेन खाली ठेवला. "परवानगीनं घेतलेली जमीन पन्नास वर्षं कसली तरी आपली होत नाही, काका. या गिरजाबाई आहेत का?"

"मागंच वारली."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"माह्याशिवाय कोणालेच नाही."

"मग झालं तर! तुम्ही बोलूच नका. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

 शेजाऱ्यांच्या विहिरीवर घागर भरायची तरी चंद्रकला आधी त्यांच्या घरात आवाज द्यायची. आता भर कोर्टात तिनं जमीन दाबली म्हणायचं, तेही सुखरामनं स्वतःच्या तोंडानं.

"राहू द्या, साहेब," तो उठत म्हणाला.

परतताना तो शेताकडून आला. तुलाराम धुऱ्याजवळच होता.

"का गा, वकील करून आला म्हणे? लढजो मंग. मी बी पाहातो."

"लढत नाही मी. चंद्रकलेनं धुरा मागून घेतला होता. तुह्या बायकोले विचारून."

तुलाराम जवळ आला. "मले कधी बोलली नाही बुढी. मी समजत होतो तुमी दाबला. चार लोकाइत बोललो बी तसा. मंग मले काहून नाही सांगतलं आधी?"

"तू मोजणीवालाच घेऊन आला. बोलाव कवा?"

तुलारामनं तुरीची एक शेंग चाचपून पाहिली.

"तूर वाळेवरी राहू देजो," सुखराम म्हणाला.

"राहू दे नं. मले ट्रॅक्टर उन्हाळ्यातच न्यायचा हाये." मग तो म्हणाला, "चाल घरी. चहा घेऊ."

"नाही. जा तू."

तुलाराम गेला. आज दोनदा चंद्रकलेची गोष्ट निघाली होती, एकदा वकिलाकडे, एकदा इथं. दोघांनाही धुऱ्यापुरतंच ऐकायचं होतं. रोवण्याला वाकली की ती काय गाणं म्हणायची, गिरजाबाईशी कशावरून भांडायची, हे कोणी विचारलं असतं तर सुखरामनं सांगितलं असतं. तो तुरीजवळ बसला. पलीकडच्या वाटेनं तुलाराम दिसेनासा होईपर्यंत तो तिकडेच पाहत होता.