भिंतीला लागलेली धाप

चाळीस बायका आणि सहा पुरुष एका भिंतीकडे टक लावून उभे होते. शिलाईच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की एरवी नुसता गलका असतो. त्या दुपारी कोणी डबासुद्धा उघडला नव्हता. मशीनं बंद, बोलणं बंद, आणि मागच्या भिंतीतून श्वास ऐकू येत होता. घुंऽऽ... मग शांत. पुन्हा घुंऽऽ... मग शांत. चार सेकंदांना एक, गाढ झोपलेल्या माणसासारखा.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, फावल्या वेळात घरी सर्किटं जोडते आणि भुताखेतांची यथेच्छ टिंगल करते. तरी खरं सांगते, तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ऐकलंत?" फुंकरवाले महाराज म्हणाले. "ही भिंत नाही, छाती आहे! आत एक जीव अडकलाय. त्याला स्वतःचा श्वास नाही, म्हणून तो त्या पोरीचा ओढतोय!"

ती पोर म्हणजे माझी धाकटी बहीण; तिच्यासाठीच मी त्या दिवशी तिथे आले होते. ती काज-बटणाच्या मशीनवर बसायची, त्याच भिंतीला पाठ करून. तिला लहानपणापासून फिट येते. गोळ्या नियमित चालू होत्या, त्यामुळे सहा वर्षांत एकही आली नव्हती. गेल्या आठवड्यात कामाच्या घाईत दोन दिवस गोळी चुकली आणि ती मशीनवरच कोसळली. नेमक्या त्याच आठवड्यात भिंत श्वास घ्यायला लागली होती. बायकांनी दोन्हींची सांगड घातली आणि कोणीतरी महाराजांना घेऊन आलं; गेले तीन दिवस ते रोज दुपारी येत होते.

हे महाराज फुंकर मारून दाढदुखी घालवत, परीक्षेत पास करत आणि नवऱ्याचा राग उतरवत. स्वतःचं टक्कल मात्र त्यांच्या फुंकरीला दाद देत नव्हतं. त्यांनी धूप पेटवायला लावला, दारं लावायला लावली. मग त्याच भिंतीत वर बसवलेल्या नव्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो पंखा बंद करा. धूर बाहेर गेला तर मंत्र बाहेर जाईल!" कारखाना सांभाळणाऱ्या मास्तरांनी मुकाट्याने बटण दाबलं. महाराजांनी गाल फुगवून भिंतीवर तीन फुंकरा मारल्या.

श्वास थांबला. बायका रडायला लागल्या. तिथेच कामाला असलेली माझी आई तर हात जोडून खालीच बसली.

पाच मिनिटांत धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले, मास्तरांनी पंखा लावला आणि भिंत पुन्हा घुमायला लागली.

"परत आला!" महाराज कडाडले. "येणारच! पोरीच्या अंगात इंग्रजी गोळ्यांचं विष आहे तोवर तो सोडायचा नाही. तीन दिवस तिला गोदामात ठेवा. दार बंद. गोळी एकही नाही!"

"आई, अशा एकदम गोळ्या तोडल्या तर ती जाईल," मी म्हणाले.

"आणि याने ओढून नेली तर? तू स्वतः ऐकलंस ना गं? ऐकलंस की नाही?"

"ऐकलं."

"मग?"

आईने कालपासूनच बहिणीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. बहीण स्वतःहून गोदामाकडे निघाली. "ताई, मलापण भीती वाटते गं. जाऊ दे मला," म्हणाली. आईने बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. मी पुढे झाले तर पाच-सहा जणी दारासमोर आडव्या आल्या. डॉक्टरांना फोन केला. ते लगेच निघाले, पण पोचायला अर्धा तास लागणार होता.

माझ्या पिशवीत एक जुना जेवणाचा डबा होता. त्यात मी एक छोटा बोर्ड, माइक आणि इवलासा पडदा बसवला होता. कुठलाही आवाज ऐकवला की त्यात किती कंपनांचे सूर मिसळलेत ते तो रेघांनी दाखवतो. घरच्या मिक्सरचं रडगाणं शोधायला केलेला उद्योग. नवरा त्याला 'उपाशी डबा' म्हणतो. मी तो भिंतीसमोर धरला.

पडद्यावर एकच रेघ उभी राहिली. सेकंदाला शहाण्णव कंपनं, बस्स. चार सेकंदांनी येणाऱ्या श्वासाची रेघ कुठेच नव्हती. कानाला स्पष्ट ऐकू येत होतं आणि यंत्र म्हणत होतं, तिथे काही नाही. मनात आलं, खरंच असं काही असलं तर? महाराज माझ्याकडे बघून गालात हसले.

"पेटीलाही तो सापडत नाही म्हणायचा!"

तेवढ्यात गोदामाच्या दारावर आतून दोन थापा पडल्या आणि मग काहीच नाही. त्या शांततेने मी भानावर आले. मिक्सरच्या सवयीने मी एकेका सेकंदाचाच आवाज घेत होते. एवढ्याशा तुकड्यात जवळजवळ सारखे असलेले दोन सूर वेगळे दिसतच नाहीत, दोन्ही मिळून एक रेघ होते. चूक माझी होती आणि मी भुताला घाबरत होते. मग मी सलग वीस सेकंदांचा आवाज घेतला. ते वीस सेकंद सरता सरेनात.

एका रेघेच्या दोन झाल्या. दोघींत फरक पाव कंपनाचा. म्हणजे चार सेकंदांना एक. जवळजवळ एकाच वेगाने फिरणारं असं इथे काय आहे, म्हणून मी वर पाहिलं.

"मास्तर, वर दोन पंखे आहेत. दुसरा कधी लावला?"

"मागच्या सोमवारी. फार उकडत होतं."

"आणि भिंत कधीपासून घुमते?"

मास्तरांनी वर पंख्यांकडे पाहिलं. "सोमवारपासूनच."

"महाराज नवा पंखा बंद करवतात. तुम्ही आता जुना बंद करा. धूप नको, फुंकर नको."

बटण दाबलं. श्वास थांबला. लावलं, सुरू झाला. मग मी स्टुलावर चढले आणि शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा जुन्या पंख्याजवळ धरला. वारा अडला, पंखा किंचित मंदावला आणि भिंत भराभर धापा टाकू लागली. बायका किंचाळल्या.

"बघा, चिडवलं तिने त्याला!" महाराज ओरडले.

"मावशी, तुम्ही या," मी ओव्हरलॉकच्या मशीनवरच्या मावशींना हाक मारली. सगळ्यांत जास्त त्याच घाबरल्या होत्या. कशाबशा चढल्या, पुठ्ठा धरला, मग दूर नेला. भिंतीला धाप लागली, मग ती निवली. मावशींनी पुन्हा करून पाहिलं.

"अगं बाई, हे तर माझं ऐकतंय!"

"हे दोन पंखे म्हणजे एकच गाणं म्हणणाऱ्या दोघी, पण एक जरा मागे पडते असं समजा," मी म्हणाले. "सूर जुळला की आवाज फुगतो, चुकला की विरतो. दोन्ही याच भिंतीत बसवलेत, म्हणून तीच घुमते. तेवढाच हा श्वास. आई, किल्ली!"

आईची मूठ उघडता उघडेना. मी बोटं सोडवून किल्ली घेतली.

बहीण कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये पडली होती. डोळे फिरलेले, हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापड सरकवलं आणि घड्याळाकडे बघत बसले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, झटके थांबले. "अजून थोडा वेळ हे असंच चाललं असतं तर हाती लागली नसती," एवढंच ते म्हणाले. आई भिंतीला टेकून तिच्याकडे नुसती बघत होती.

त्या गडबडीत महाराज पसार झाले. मास्तर नंतर म्हणाले, "पहिल्या दिवशी धुरासाठी पंखा बंद केला आणि आवाज थांबला, तेव्हा सगळ्यांत जास्त दचकले ते महाराजच. दुसऱ्या दिवसापासून मात्र आल्या आल्या पंख्याकडेच बघायचे." म्हणजे त्यांनीही प्रयोग केला होता. फक्त त्याचं उत्तर स्वतःपाशी ठेवलं.

बहीण आता त्याच मशीनवर बसते. गोळीची वेळ झाली की तिच्या टेबलावरचा मी केलेला छोटा दिवा लुकलुकतो. तो दिसला की आई स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन येते, गोळी गिळेपर्यंत उभी राहते.

घाबरू नका, असं मी कोणाला सांगणार नाही. मीच घाबरले होते. पण भीती वाटली म्हणून कोणाला कोंडू नका, कोणाचं औषध तोडू नका. आधी एकेक बटण बंद करून बघा, आणि ते बटण दुसऱ्याच्या हातात देऊ नका.