खालचा रॉड वर

"काका, हे किटच्या पुस्तकात कुठे लिहिलंय?" सुयोगने पुस्तक सहदेवच्या तोंडासमोर धरलं. "गाडी चार इंच उंच करायचं किट, दोन दिवस, काम खलास. तुम्ही स्टेअरिंगला हात का लावलात?"

"पुस्तक लिवणारो खड्ड्यात गाडी घालूक येतलो काय?" म्हणत सहदेव परत जीपखाली गेला.

अंधेरी एमआयडीसीतल्या या गॅरेजात सहदेव एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली होता. त्याला ठेवलं सुयोगच्या वडिलांनी. सुयोगला तो वारशात मिळाला, घरातल्या जुन्या कपाटासारखा. सुयोग तसा वाईट नाही. फक्त छापलेल्या कागदावर त्याचा जितका विश्वास, तितका माणसाच्या तळहातावर नाही. काल त्याने सांगून टाकलं होतं, की निधीमॅडमची जीप ट्रायलला नापास झाली तर सोमवारपासून कमानपाटे आणि स्टेअरिंग नव्या मुलांकडे. काकांनी ऑइल बदलायचं. "आरामाचं काम आहे," असंही वर म्हणाला. पण ऑइल बदलणाऱ्याला कुणी नाव विचारत येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

निधी मुलुंडची. आठवडाभर शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी चिखलातल्या शर्यतीत जीप घालायची. ही जीप रस्त्यासाठी नव्हतीच, शर्यतीला ट्रकवर चढून जायची. नुसतं किट बसवल्यावर तिने एक चक्कर मारली, तर पहिल्याच उंचवट्यावर स्टेअरिंगने असा हिसका दिला की जीप भिंतीला घासली आणि तिचं मनगट सुजलं. "उंच गाडीची सवय लागते हो मॅडम," सुयोग म्हणाला. सवय निधीला लावून घ्यायची होती, म्हणून त्याला ती सोपी वाटली.

सहदेवला गोम दिसली. जीप वर गेली, पण स्टेअरिंगचा रॉड चाकाजवळ खालूनच जोडलेला राहिला आणि टेकवलेल्या शिडीसारखा तिरपा झाला. चाक वर उचललं गेलं की तो तिरपा रॉडच चाक वळवायचा, ड्रायव्हरला न विचारता. सहदेवने चाकाजवळचं भोक वरच्या बाजूने कोरून घेतलं, त्या भोकात बसणारा बुश लेथवर करून आणला आणि खालून बसणारा रॉड वरून बसवला. रॉड पुन्हा आडवा झाला. तीन दिवस गेले.

ट्रायल गोरेगावात, स्टुडिओमागच्या मोकळ्या जागेत. गॅरेजचा जुना नियम असा की स्टेअरिंग ज्याने खोललं, त्याने पहिल्या चकरेला डाव्या सीटवर बसायचं. या नियमामुळे आजवर एकही नट ढिला राहिला नव्हता.

"मनगट कसां आसा?" सहदेवने बसता बसता विचारलं.

"ठणकतंय. खरं सांगू काका? भीती वाटतेय."

"वाटाक व्हयीच. तिसाच्या स्पीडान चल. उंचवटो इलो काय हात सोड."

"सोडू? वेड लागलंय का तुम्हाला?"

"धरलंस तर तूच सरळ ठेवलंस म्हणतले. सोड गो बाय. मी पण आसंय ना गाडयेत."

जीप निघाली. उंचवटा आला. निधीने दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटले, हे शर्यतीच्या कुठल्याच नियमात बसत नाही. डावं चाक चढलं, पाटे कचकन दबले, चाक धप्पकन उतरलं. स्टेअरिंग किंचित थरथरलं आणि जागच्या जागी राहिलं. जीप रुळावर असल्यासारखी सरळ पुढे गेली.

"काकाऽऽ!" निधी किंचाळली. "झकास! अरे, काय केलंत काय तुम्ही!"

उत्तर ऐकत बसायला तिला वेळ कुठे होता? दुसरी चक्कर उजव्या चाकाने, तिसरी चाळीसच्या वेगाने. प्रत्येक वेळी हात हवेत. सहदेव डाव्या सीटवर दांडी धरून, दात दिसतील इतका हसत होता.

चौथ्या चकरेआधी सुयोग धावत आला. "मॅडम, परत एकदा माराल? व्हिडिओ चालूच नव्हता."

"एकदा कशाला, दहादा मारते!"

"रव," सहदेव खाली उतरला. "आधी नट बघतंय." आणि ओल्या मातीत पाठ टेकून जीपखाली सरकला.

सुयोग बाहेर घुटमळला. "काका, सोमवारी अजून एक जीप येतेय. तिलाही असंच... म्हणजे, तुम्हीच बघाल ना?"

"आयकाक येणा नाय," खालून आवाज आला. "खाली ये."

सुयोगने इकडेतिकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारल्या, गुडघे टेकले, मग कोपरही टेकलं.

सहदेवने त्याच्या हातात बॅटरी दिली. "हंय मार."

सुयोगने श्वास रोखून उजेड स्थिर धरला.