दर्यावरून जाणारं विमान

चंद्रावती कोयंडे चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकत होती, आणि तेवढ्या वर्षांत ती एकदाही सुट्टीवर गेली नव्हती. तिचं गाव सर्जेकोट. तिथला सगळा किनारा दर हिवाळ्यात सुट्टीवर आलेल्या माणसांनी भरून जायचा. पुण्याची, कोल्हापूरची माणसं तिच्या टोपलीशी वाकून "ताजे आहेत ना?" असं विचारायची. दोन हजार सहा साली दिवाळीच्या तोंडावर अशाच एका बाईला तिनं उलट विचारलं, "तुम्ही एवढ्या लांबून येता, ते इथे करता तरी काय?"

"काही नाही हो," बाई म्हणाली. "नुसतं बसतो समुद्राकडे बघत."

चंद्रावतीनं पापलेटं कागदात बांधून दिली, आणि त्याच दुपारी हात धुऊन ती गुरुदासच्या सायबर कॅफेत जाऊन बसली. तीन कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन यांच्या जोरावर गुरुदास गावाला रेल्वेची आणि विमानाची तिकिटं काढून द्यायचा.

"माका सुट्टीर जावचा आसा," ती म्हणाली. "विमानान. माका आणि ह्यांका."

"खंय जातलास, काकी?"

"समुद्र आसा थंय."

गुरुदासनं कॉम्प्युटरवरचा हात काढला. "काकी, समुद्र तुमच्या मागल्या दारात आसा."

"तो कामाचो समुद्र. तेका बघलंय काय माका मासळीच्या बरफाची आठवण येता. माका दुसऱ्याचो होयो."

गुरुदासनं शोधलं. गोव्याहून थेट कोचीनला जाणारं एक स्वस्त विमान निघालं. माणशी बावीसशे. चंद्रावतीनं पडद्याकडे सुरमईकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "पंधराशे."

"काकी, ह्यो कॉम्प्युटर. हंय भाव करूक येत नाय."

"तू सांगून तरी बघ."

"कोणाक सांगू?"

ती उठली. दारापर्यंत गेली, आणि गिऱ्हाईक परत हाक मारली जाण्याची वाट बघत जसं चपलेशी घोटाळतं, तशी घोटाळत राहिली. मागून हाक आली, पण वेगळीच. "काकी, चोवीसशे पन्नास झाला."

चंद्रावती मागे वळली. "मी उठलंय म्हणान वाढवल्यान?"

"तसा काय नाय. शिटी संपतत तसो भाव वाढता."

ती झटकन येऊन बसली. इतक्या वर्षांत समोरच्यानं आपल्यावर अशी मात केल्याचं तिला आठवत नव्हतं. "काढ," ती म्हणाली, "नायतर आणखी रुसात." तिकिटं निघाली. सतरा नोव्हेंबर, चार दिवस, जाऊन येऊन.

घरी तिचा नवरा तुकाराम जाळं विणत बसला होता. बेचाळीस वर्षं त्यानं तांडेल म्हणून होडी चालवली होती. दोन वादळांतून खलाशांना सुखरूप परत आणल्यामुळे बंदरावर त्याच्या शब्दाला मान होता. गुडघा धरल्यापासून होडी त्याचा मुलगा सुदेश नेत असे. चंद्रावतीनं तिकिटांचे कागद त्याच्यापुढे ठेवले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले, "बरा," म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला अडचणी आठवू लागल्या. पहिल्यांदा गुडघा. मग कोंबड्यांकडे कोण बघणार. कोंबड्या शेजारची काशीबाई बघेल असं ठरलं, तेव्हा सुदेशला एकट्याला वाऱ्याचा अंदाज येत नाही, ही अडचण निघाली. "बाबा, मी बत्तीस वर्सांचो झालंय," सुदेश म्हणाला. शेवटी दक्षिणेला जायला दिवस चांगला नाही, असं निघालं.

"सगळे म्हणतत दक्षिणेक जाव नये, म्हणानच तिकीट स्वस्त," चंद्रावती म्हणाली. "तुमका भय वाटता काय?"

"माका?" तुकाराम म्हणाला. "मी तांडेल आसंय."

पण दोन दिवसांनी दाढीच्या निमित्तानं तो मालवणात गेला, आणि दाढी न करताच गुरुदासपुढे बसला. कॅफेत दुसरं कोणी नाही हे बघून त्यानं आवाज खाली आणला. "माका एक सांग. ता विमान जमनीवरसून जाता, की दर्यावरसून?"

गुरुदासनं नकाशा उघडला. "बराचसा दर्याकडेन."

"बराचसा म्हणजे किती?"

"पण तुमका दर्यावरसून कित्याक होया, काका?"

तुकाराम समजावून सांगू लागला. "दर्यात पडला तर काय तरी करूक येता. फळी धरता येता, वारो बघता येता. जमनीर पडलंय तर मी काय करू?"

गुरुदासला हसू आलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. "प्रत्येकाच्या शिटीखाली तरंगूचा जॅकेट आसता," तो म्हणाला.

"सगळ्यांका?" तुकारामला हे नवीन होतं. "माणसां किती?"

"दीडशे."

"आणि तांडेल एकच?"

"दोन पायलट आसतत."

"तेंका दर्यात पवाक येता?"

हे गुरुदासला माहीत नव्हतं. पण "येता," म्हणून त्यानं छातीठोक सांगितलं, आणि तुकाराम दाढी करायला गेला. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, की तो येणार, पण उजव्या हाताची खिडकी पाहिजे, कारण जाताना दर्या उजवीकडे राहील.

सतरा तारखेला सुदेशनं त्यांना भाड्याच्या गाडीनं गोव्याला विमानतळावर सोडलं. सामान जमा करायच्या आधीच्या तपासणीत तुकारामची पिशवी मशीनमधून गेली आणि थांबली. वर्दीतल्या जवानानं ती उघडली. आत धुतलेला सदरा, शेंगदाण्याचे लाडू आणि वेटोळं करून ठेवलेली पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट, नायलॉनची दोरी होती.

"ये रस्सी किसलिए?"

सरकारी माणूस बघून तुकाराम शुद्ध मराठीत शिरला. "पडल्यावर माणसे पांगू नयेत म्हणून."

जवानाला मराठी बेताचीच समजत होती, पण 'पडल्यावर' समजलं. मागच्या रांगेतल्यांनाही समजलं. एक बाई पर्स छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली.

"दर्यात माणसे पांगली की संपले," तुकाराम पुढे म्हणाला. "एकमेकांना बांधून ठेवायची. मी सगळ्यांना बांधीन, तुम्ही काळजी करू नका."

चंद्रावती मध्ये पडली. "साहेब, हे तांडेल आहेत. ह्यांना कोणाला बुडू द्यायची सवय नाही." जवानानं दोरी उलटीपालटी करून पाहिली. मग दोरी सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायला सांगून त्यानं त्यांना सोडलं.

विमान धावू लागलं तेव्हा तुकारामनं सीटखाली हात घालून जॅकेट चाचपलं आणि डोळे मिटले. आयुष्यभर मिळेल ते वादळ उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला उजव्या हाताची खिडकी मिळाली होती, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. म्हणून चंद्रावतीच त्याच्या अंगावरून वाकली आणि खाली बघू लागली. वाळू संपली, लाटांची पांढरी कड संपली. नुसतं पाणी उरलं, आणि त्या पाण्यात कुठे कुठे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

"ता काय ओ?"

तुकारामनं एक डोळा उघडला. कामाची गोष्ट दिसल्यावर दुसराही उघडला. "ट्रॉलर."

"आणि तो बारको?"

"होडी. आमच्यासारकी."

तिनं मागे मान वळवून किनारा शोधला. तो सापडायला तिला बराच वेळ लागला. कोयंड्यांच्या घरातल्या बायका कधी होडीत बसल्या नव्हत्या. होडी बंदरातून निघाली की त्यांच्यापुरती ती एका वळणामागे जायची आणि दुपारी मासे घेऊन परत यायची. उशीर झाला की चंद्रावती टोपली घेऊन वाळूत उभी राहायची आणि होडी टेकायच्या आधीच ओरडायला लागायची, की बाजार उठला, आता मासळी कोण घेणार.

"तुमी इतक्या लांब जायास?" तिनं विचारलं.

"ह्याच्याय भायर," तुकाराम म्हणाला. आता भीती विसरून तो तिच्या पलीकडच्या प्रवाशाला खालचं पाणी किती वाव खोल असेल ते सांगू लागला. चंद्रावती मागे टेकून बसली आणि कोचीन येईपर्यंत काही बोलली नाही.

कोचीनमध्ये तिनं ठरवल्याप्रमाणे केलं. धक्क्यावरच्या बाकावर बसून ती समुद्राकडे बघत राहायची. तुकाराम फिरायचा. पहिल्या दिवशी तो चुकीच्या फेरीबोटीत चढला आणि तीन तासांनी परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीची किल्ली हरवली. तिसऱ्या दिवशी तिथल्या मच्छीमारांना जाळं ओढायची रीत शिकवायला जाऊन तो कंबरेपर्यंत भिजला. चंद्रावतीनं प्रत्येक वेळी त्याला टॉवेल दिला, लाडू दिला, आणि बाकावर जागा करून दिली.

त्या दुपारी तुकारामनं एसटीडी बूथवरून सुदेशला फोन लावला.

"तुझ्या आवशीक बरा नाय दिसता," तो म्हणाला.

"काय होता तिका? ताप आसा?"

"ताप नाय. जेवता बरा. पण तीन दिस झाले, माका एक शब्द वायट बोलूक नाय."

सुदेश पलीकडून म्हणाला, "बाबा, डॉक्टराक दाखवा."

तुकाराम धक्क्यावर परत आला. चंद्रावती दूरवर जाणाऱ्या एका होडीकडे बघत होती. तो जरा लांबच उभा राहिला. तिचा रंग बघितला, डोळे बघितले. काही कळेना.

"तुका खंय दुखता गो?"

"नाय ओ. बसा."

तो बसला. संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाही ओरडली तर डॉक्टर गाठू, असं त्यानं मनाशी ठरवलं.