हाडांना नवं कापड

“हळू गं बाई, लागंल की त्यांना!” पार्वतम्मा ओरडली आणि लगेच तिनंच जीभ चावली.

मोबाइलच्या पडद्यावर एक म्हातारी आपल्या मेलेल्या नवऱ्याची कवटी ब्रशनं साफ करत होती. माणूस जाऊन कैक वर्षं झालेली, आता त्याला कसलं लागतंय! पण म्हातारीनं ते ओरडणं ऐकलं, हात थांबवला आणि शेजारी बसलेल्या शिवप्रियाला विचारलं, तुझी आई काय म्हणते? शिवप्रियानं तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारी खुदकन हसली आणि खरोखरच हळू हात चालवायला लागली.

पार्वतम्मा नळदुर्गाजवळच्या अणदुरात ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, कुणी जुनी लुगडी आणून टाकली तर वाकळ शिवून द्यायची. मोबाइल शिलाई मशीनला टेकवलेला होता. दिवाळी नुकतीच सरलेली. इथं दिवेलागण झाली होती आणि तिकडं मेक्सिकोत सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. लेक शिवप्रिया कंपनीच्या कामानं तिकडं मेरिदा नावाच्या शहरात गेली होती, आणि ज्या घरात भाड्यानं राहत होती त्याची मालकीण ही फेलिपा. जातीची माया. रानात डोंगराएवढी दगडी देवळं बांधणारे, तारे बघून पंचांग मांडणारे, ते माया. पुस्तकात वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक कधीच संपले असतील. संपतात कसले! फेलिपा गळ्याभोवती फुलं भरलेला पांढरा झगा घालून त्याच जुन्या भाषेत कोंबड्यांवर खेकसायची.

आज तिनं शिवप्रियाला आपल्या गावी, पोमुचला आणलं होतं. मेलेल्या माणसांचा सण दोन दिवसांवर आलेला. त्या आधी तिथं घरोघरची माणसं मसणात जातात, पेटीतली हाडं बाहेर काढतात, पुसतात, आणि त्यांना नवं कापड घालतात.

“मसणवाटा हाय का खेळन्याचं दुकान?” पार्वतम्मा पुटपुटली. गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगाच्या छोट्या छोट्या देवळ्यांची गल्लीच होती ती. प्रत्येक देवळीत एक पेटी, पेटीवर भरतकाम केलेला रुमाल. फेलिपानं बारकी हाडं खाली ठेवली, लांब हाडं वर, सगळ्यांत वर कवटी. आणि सगळा वेळ ती बोलत होती.

“कुनाशी बोलतीया गं ती?”

“नवऱ्याशी, अव्वा. चिंचेच्या झाडाएवढं एक झाड होतं दारात, ते वादळात पडलं, ते सांगतीय. नातवाला मिशी फुटली म्हणून सांगतीय.”

“आन् ते ऐकतंय?”

“ती म्हणते, आधी तरी कुठं ऐकत होता!”

पार्वतम्मा हसता हसता डोळे पुसायला लागली. मग गप्पा लांबतच गेल्या. देवानं माणूस मक्याच्या पिठाचा घडवला, असं फेलिपानं सांगितलं. “मग आमी शाळूचे असनार,” पार्वतम्मा म्हणाली, “म्हनून तर रंगानं जरा उजळ हाव.” शिवप्रियानं सांगितलं, जुन्या काळी हे लोक माणसाला घराच्या जमिनीखालीच पुरायचे. उकरताना अजून सापडतात. तोंडात मळलेलं मक्याचं पीठ आणि हिरव्या दगडाचा मणी ठेवायचे.

“आपन मेल्याल्याच्या हातात इष्टलिंग देतो, ते तोंडात मनी देतेत. मानसाला रिकामं धाडवत न्हाय, हेच खरं.”

तेव्हा फेलिपानं विचारलं, तुमची माणसं कुठं आहेत? पार्वतम्मानं सांगितलं, गावाबाहेर, जमिनीत. लिंगायताला बसवून पुरतात, तळहातावर इष्टलिंग ठेवून. फेलिपानं मान डोलावली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “भेटायला जाता ना?”

पार्वतम्मानं मशीनवरचा दोरा उगाच गुंडाळायला घेतला. शिवप्रिया चार वर्षांची असताना तिचा बाप, पार्वतम्माचा नवरा शिवशरण, काविळीनं गेला. पुरुषांनी त्याला नेलं, आणि त्यानंतर पार्वतम्मा त्या जागेकडं एकदाही फिरकली नव्हती. बायकांनी तिकडं जायचं नसतं, एवढंच तिला माहीत. आणि आता तर ती जागाच जाणार होती. नवा वळणरस्ता तिथूनच काढला होता. सोमवारी जेसीबी येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन चालवता चालवता तिला डुलकी लागली. ती रंगीत गल्ली थेट अणदूरच्या बाजारात उतरली होती. खंडोबाच्या देवळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत निळ्या-गुलाबी देवळ्या, भंडाऱ्यानं माखलेल्या, आणि एका निळ्या देवळीत शिवशरण मांडी घालून बसलेला. अगदी तरणा. आता पार्वतम्माच त्याच्या आईसारखी दिसायला लागली होती, त्याची तिला लाज वाटली. तो काही रागावलेला नव्हता. गाडीला उशीर झालेला माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं, “अजून किती येळ?” ती दचकून जागी झाली तर पाय पायट्यावरच होता आणि सुई रिकाम्या जागेत टिपा मारत होती.

त्या संध्याकाळी मठात समाजाची बैठक बसली. पुढारपण बंडप्पाकडं. तो शिवशरणचा धाकटा भाऊ, म्हणजे पार्वतम्माचा दीर. आवाज असा की माइक नको. म्हणाला, “सोमवारी मसणातलं समदं एकत्र गोळा करू, नव्या जागंत एकाच खड्ड्यात ठिवू. स्वामी पूजा करतील. विषय संपला.”

“माझ्या मानसाला म्या नेनार.”

मागं बायकांत बसलेली पार्वतम्मा उठून उभी राहिली होती. सगळ्या माना वळल्या.

“तुमी, वैनी?”

“म्या. हातानं. येगळं.”

“बायका कदी गेल्यात का तिकडं?”

“आपल्यात इटाळ न्हाय, सुतक न्हाय, असं तुमीच सांगत फिरता की गावभर. मग म्या गेले तर कुनाचं काय बिगडतंय?”

कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसू दाबलं. बंडप्पा लाल झाला.

“ठिवल्यालं मानूस हलवू नये, वैनी.”

“हलवायला तुमी मशीन बोलावलंयच की भावजी. आन् आपला खंडोबा? दरसाली हितनं नळदुर्गाला जातो, परत येतो. देवाला चालतंय आन् मानसाला चालत न्हाय व्हय?”

आता मात्र लोक उघड हसले. बंडप्पा ताडकन उठला. “काळी माती हाय ती! काळी माती काय ठिवत न्हाय! उकराल आन् काय घावलं न्हाय तर? रिकाम्या हातानं याल घरी. मग काय करनार?” बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. टॉवेल झटकून तो बाहेर निघून गेला. सगळ्यांना वाटलं, वहिनीनं चारचौघांत पाणउतारा केला म्हणून भडकला.

पण त्याचं बोलणं पार्वतम्माच्या काळजात घुसून बसलं. खरंच काही नसलं तर? एवढी वर्षं निदान तो तिथं आहे एवढं तरी होतं. उकरून पाहिलं आणि नसला, तर कुठं आहे म्हणायचं? घरी येऊन तिनं पांढरं कापड कापलं, हिरव्या दोऱ्यानं त्यावर बेलाची पानं भरली. एक पान तिनं दोनदा उसवून परत भरलं.

रविवारी सकाळी ती व्यंकटला घेऊन निघाली. व्यंकट विहिरीच्या कामावरचा माणूस, कमी बोलणारा. रानात धुकं होतं. कोवळा शाळू, बांध, पलीकडचा रस्ता, सगळं अर्धंच दिसत होतं. या धुक्यात कुठंतरी पोमुचची गल्लीही असेल, दोन पावलं पुढं गेलं की लागेल, असं तिला वाटत राहिलं. फेलिपा कोंबड्यांवर खेकसली तर इथवर ऐकू येईल.

शिवशरणच्या जागेवर एक दगड होता, तेवढीच खूण. व्यंकटनं छातीइतकं खोदलं. मग ती म्हणाली, “फावडं ठिव आता. फुडचं माझं.” साडी खोचून ती आत उतरली. मशीनमधला कचरा झाडायचा ब्रश तिनं सोबत आणला होता. काळ्या मातीची ढेकळं ती एकेक करून बोटांनी फोडायला लागली. माती, माती, मुळं, माती. ऊन वर आलं, धुकं फिटलं, तरी मातीच. देवा, माझं हसं कर, पण ह्यांना हितं असू दे.

आणि मग बोटाला काहीतरी टणक लागलं. तिनं ब्रश फिरवला. नडगीचं हाड होतं, तांबूस झालेलं, आणि मधोमध त्याला एक गाठ होती.

ती गाठ तिच्या अंगठ्याला पाठ होती. लग्नाआधी शिवशरण टेम्पोतून पडला होता, पाय वाकडाच जुळला. थंडी पडली की ठणकायचा. चूल विझायच्या आत ती तेल कोमट करायची आणि रोज त्या गाठीवरून अंगठा फिरवायची. चेहरा फोटोतल्यासारखाच आठवायचा, आवाज तर कधीच हरवला होता. पण ही गाठ हातानं बरोबर ओळखली.

“हितंच हाव की वो तुमी!” ती मोठ्यानं बोलली आणि रडायला लागली. चांगलं हमसून रडली. व्यंकट पाठ करून बिडी शोधत बसला.

मग तिनं सगळं नीट पुसून काढलं. मांडीचं हाड, कवटीचा अर्धा भाग, मणक्याचे दोन-तीन तुकडे, आणि काळं कुळकुळीत इष्टलिंग. ते तिनं कपाळाला लावलं. ब्रश हळू चालवत ती बोलत होती. “पोरगी इमानात बसून गेली बगा. तिकडची भाषा शिकली. रस्ता व्हनार हाय हितनं, म्हनून तुमाला उठवलं, रागावू नका. म्या म्हातारी झाले, ते तेवढं बगू नका.” मोठं कापड तिनं पसरलं, आणि फेलिपानं ठेवलं होतं तसं, बारकं खाली, मोठं वर, कवटी सगळ्यांत वर, असं रचलं.

सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर बंडप्पा उभा होता. कधीपासून, कोण जाणे. आता हा भांडणार, म्हणून तिनं पदर खोचला.

पण तो खाली बसला. गळ्यातला टॉवेल हातात पिळत म्हणाला, “वैनी... बारक्या लेकराचं काय ऱ्हातं का वो?”

क्षणभर तिला उमगेना. मग उमगलं, आणि कालचा त्याचा चिरकलेला आवाजही उमगला. बंडप्पाचं पहिलं पोर. सोलापूरच्या दवाखान्यात जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं. त्याची बायको गिरिजाबाई तापानं बेशुद्ध. ती शुद्धीवर येईस्तोवर बंडप्पानं एकट्यानं ते आणून पुरलं होतं. पुढं दोन मुली झाल्या, नांदायला गेल्या. त्या पोराचं नाव घरात कुणी काढलं नाही. ठेवलेलंच नव्हतं तर काढणार कुठून!

“चला,” ती म्हणाली.

कडेला बाभळीखाली लहान लेकरांची जागा होती. दगड नाही, खूण नाही, नुसतं गवत. पण बंडप्पा शोधत बसला नाही. सरळ चालत गेला आणि एका ठिकाणी थांबला. व्यंकटनं फावडं पुढं केलं, ते त्यानं बाजूला सारलं आणि गुडघे टेकून हातानंच उकरायला लागला. कोपरापर्यंत हात गेला. मूठमूठ माती तो उन्हात धरून बघत होता, बोटांनी चाळत होता. शेवटी तो थांबला.

“काय न्हाय वैनी. म्या म्हनलं व्हतं.”

पार्वतम्मा माघारी गेली. शिवशरणच्या कापडाची कड तिनं दातानं तोडली आणि हातभर कापड टर्रकन फाडून आणलं. तिनं भरलेली बेलाची दोन पानं त्यावर आली होती.

“त्यांचं कापड, वैनी?”

“पुतन्याच हाय की त्यांचा.” तिनं ते बाभळीखाली अंथरलं. “घाला ह्यात. काळजाजवळची माती घ्या, वरची नको. तिकडं फेलिपा म्हनती, सनाला लेकरं एक दिस आधी येतेत. पळत येतेत म्हनं, मोठी मानसं मागनं. पळनाऱ्याची हाडं कशाला हुडकावी?”

बंडप्पानं ओंजळी भरून माती घातली. तिनं चारी टोकं जुळवून गाठ मारली. केवढंसं गाठोडं, दोन ओंजळींचं! तिनं आपलं मोठं गाठोडं डोक्यावर घेतलं. नव्या जागेकडं जायची पायवाट ओढ्यावरून होती. ती तिकडं वळली, तर बंडप्पा गावाच्या वाटेवर उभा.

“जरा घरावरनं जाऊ,” तो म्हणाला. “गिरिजानं बगितलंच न्हाय त्याला.”

ऊन चांगलंच तापलं होतं. चालता चालता बंडप्पानं टॉवेल उलगडला आणि हातातल्या गाठोड्यावर सावली धरली. रस्त्यात दोघं-तिघं भेटले, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

गिरिजाबाई दारात सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिनं जावेच्या डोक्यावरचं बघितलं, मग नवऱ्याच्या हातातलं बघितलं.

“आपला हाय,” बंडप्पा म्हणाला.

गिरिजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले, आणि दोन्ही हात पुढं केले.